कॅमेऱ्यावरचा पंचा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. माझी आई 77 वर्षांची आहे. वाईला गंगापुरीतल्या आमच्या जुन्या घरात एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मी वाकडला, बहीण न्यू जर्सीत. आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, पण गोळ्यांच्या बाबतीत ती अगदी काटेकोर. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती मोरीत पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टरचे सहा आठवडे आमच्याकडे होती. माझ्या बायकोने तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. तरी आईचं वजन तीन किलोंनी उतरलं, बोलणंही कमी झालं. 'गौरी-गणपतीला मी घरी हवीच' म्हणून वाईला गेली ती परत यायला तयार नाही. चोवीस तासांची बाई ठेवली, तिला आठ दिवसांत साडी-चोळी देऊन निरोप दिला. बहिणीने कॅमेरा पाठवला, तो मी बाहेरच्या खोलीत बसवला. तिसऱ्या दिवसापासून त्यात काही दिसत नाही, कारण आईने त्यावर पंचा टाकलाय. बहीण म्हणते, घर विकू आणि आमच्याच सोसायटीत वन बीएचके घेऊ. शेजारी म्हणतात, मुलगा असून म्हातारी एकटी. आईला कसं समजवायचं? आणि तिला तिथे राहू देणं हा आमचा हलगर्जीपणा आहे का?

— काळजीत, वाकड

उत्तर

पंच्यापाशी आले आणि मला हसूच फुटलं. तुम्हाला येणार नाही, ठाऊक आहे. पण बघा, बाईंनी कॅमेरा फोडला नाही, वायर उपटली नाही, फोनवर भांडणही केलं नाही. पंचा टाकला, बहुतेक धुतलेलाच. कपडे बदलताना आपण खिडकीचा पडदा ओढतो, त्याहून त्यात जास्त काही नाही. आणि तुम्हाला न सांगता टाकला, म्हणजे तुम्हाला वाईट वाटू नये एवढीही काळजी घेतली.

आईला कसं समजवायचं, याकडे मी नंतर येते. आधी त्या पडण्याबद्दल बोलू. तुमच्या पत्रात पडणं एका वाक्यात उरकलंय आणि पडल्यानंतरचं सगळं सविस्तर आलंय. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून 31 वर्षं काढली, तिथेही हेच पाहिलं. हाड मोडलं की घरचे हाडामागे धावतात. 'पण पडल्या का?' हे विचारायचं राहूनच जातं, कारण 'वय झालं' हे उत्तर सगळ्यांच्या खिशात तयार असतं.

एकादशीचा दुसरा दिवस आणि पहाटेची वेळ. या दोन गोष्टी तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच अडकले. आईला विचारा, एकादशीला काय खाल्लं होतं? खिचडी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू अशी 'दुप्पट खाशी' छापाची एकादशी होती, की पाणी आणि एखादं केळं? आणि शुगरची गोळी त्या दिवशी घेतली होती का? काटेकोर माणूस, म्हणजे घेतलीच असणार. शुगरच्या काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली ओढत राहतात. ग्लिमेपिराइड ही त्यातली आपल्याकडे घरोघरी दिसणारी. तिचा अंमल दिवसभर राहतो. कडक उपवासानंतर पहाटे साखर इतकी उतरू शकते की घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली बसतो किंवा कोसळतो. मग कुणीतरी साखर घातलेला चहा देतं, तरतरी येते आणि दवाखान्यात पोचेपर्यंत काही पुरावाच उरत नाही. केसपेपरवर लिहिलं जातं, 'पाय घसरून पडल्या'.

मी डॉक्टर नाही आणि असंच घडलं असं म्हणत नाही. आणखी एक शक्यता बीपीच्या गोळीची. अंथरुणातून उठून उभं राहिलं की काही जणांचं बीपी झपकन उतरतं. त्यातून गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल आणि आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलं असेल, तर पहाटे लघवीला उठणं हीच सगळ्यात धोक्याची वेळ. हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. डॉक्टरांना सांगायचं, बीपी आडवं झोपवून बघा आणि मग उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा बघा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागते. किती घरांत हे उभं राहून घेतलेलं बीपी कुणी पाहिलेलं असतं? खुर्चीत बसवायचं, पट्टा बांधायचा, आकडा लिहायचा, पुढचा पेशंट.

तेव्हा पहिलं काम हे. घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली, झोपेची, पित्ताची, कुणी पाठवलेली आयुर्वेदिक, सगळ्या. आईला घेऊन फिजिशियनकडे जा. तिथे चार गोष्टी विचारा. उपवासाच्या दिवशी शुगरच्या गोळीचं काय करायचं? या वयात शुगर इतकी घट्ट आवळायची गरज आहे का? (साठीच्या आतल्या माणसाला जे लक्ष्य देतात त्यापेक्षा या वयात बरंच सैल लक्ष्य ठेवतात, कारण साखर थोडी जास्त राहण्यापेक्षा ती एकदम उतरणं जास्त घातक.) रक्तातलं सोडियम तपासायचं का? बीपीसाठी मीठ तोडलेलं आणि वर लघवीची गोळी, या जोडीने सोडियम उतरलेली आणि भ्रमिष्टासारखी बोलायला लागलेली माणसं मी वॉर्डात कितीतरी पाहिली. आणि चौथी, मेटफॉर्मिन चालू असेल आणि आई शाकाहारी असेल, तर बी-12. ते कमी झालं की पायांची जाणीव मंदावते, तोल जातो.

आता मनगट. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, फाईल बंद. असंच ना? तिथे एक मोठी गोष्ट निसटते. उभ्या उंचीवरून पडून या वयात हाड मोडलं, तर ते हाड ठिसूळ झालंय असं धरूनच चालायचं. मनगट हा खुब्याने धाडलेला निरोप असतो. पुढच्या वेळी खुबा मोडला तर काय होतं ते तुम्ही आजूबाजूला पाहिलं असेल. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातलं निदान एक वर्षभरात जातं, आणि उरलेल्यांतली बरीचशी पहिल्यासारखी चालू शकत नाहीत. हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी असते. ती करून हाडं बळकट करणारं औषध सुरू करायचं का, हे ऑर्थोपेडिकवाल्यांना स्पष्ट विचारा. 'कॅल्शियम चालू आहे' एवढ्या उत्तरावर उठू नका. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हे पीठ-मीठ झालं. ठिसूळ हाडाचं औषध वेगळं असतं.

कॅमेरा यातलं काय करणार होता? आई पडली, हे न्यू जर्सीत दिसलं असतं, बस. तेसुद्धा बाहेरच्या खोलीतला कॅमेरा, आणि ती पडली मोरीत.

घराकडे येऊ. जुन्या वाड्याची मोरी मला न बघता डोळ्यांपुढे येते. एक पायरी खाली, गुळगुळीत दगड, साबणाचा थर, धरायला नळाशिवाय काही नाही. तिथे भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे दांडे हवेत. टॉवेल अडकवायचा दांडा नको, तो माणसाच्या वजनाने हातात येतो. एक आंघोळीच्या जागेपाशी, एक संडासात. जुन्या भिंतीची माती सुटते, तेव्हा गवंडी बोलावून नीट काम करा. आंघोळीला पाट नको, रबरी पायांचं उंच स्टूल. खाली खरखरीत चटई. अंथरुणापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, आणि तो अंथरुणातूनच लावता यावा. दारातली पायपुसणी आणि दुमडलेली सतरंजी आजच उचला.

आणि कडी! हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मोरीला आतून कडी लावलेली असेल आणि माणूस आत पडला तर दार फोडावं लागतं. कडी काढून टाका, पडदा किंवा बाहेरूनही उघडेल अशी खिट्टी लावा. घराच्या दाराचंही तेच. बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवा आणि एक किल्ली शेजारी द्या. पडण्याइतकंच वाईट असतं ते तासन् तास फरशीवर पडून राहणं. म्हणून पडल्यावर कसं उठायचं हेही शिकता येतं. कुशीवर वळायचं, मग चौपायी व्हायचं, मग जवळची खुर्ची धरायची. फिजिओथेरपिस्ट हे गादीवर करून घेतात. आईंनी उभा जन्म मुलांना कवायत शिकवली असेल, त्यांना हे जमेल.

कवायतीवरून आठवलं. खुर्चीत बसून हात छातीवर धरायचे आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. 75 ते 79 वयाच्या बाईला 10 पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांत ताकद कमी समजतात. आधी तुम्ही स्वतः करून बघा, मग आईला सांगा. ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं लावून चालणं, असा तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम नेमाने करणाऱ्या म्हाताऱ्यांत पडण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने घटतं. हे बऱ्याच अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. नुसतं घाटापर्यंत फिरून येणं छान, पण तेवढ्याने हे होत नाही.

आता वाकड. इथे मला जरा जपून लिहायला हवं, कारण तुमची बायको हे वाचणार आहे. त्यांनी मनापासून केलं यात मला शंका नाही. 'इकडची काडी तिकडे करू दिली नाही' हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय आणि आपल्याकडे ते कौतुकाचंच असतं. सासूला बसून खाऊ घालणारी सून म्हणजे चांगली सून.

अमेरिकेत लॉटन आणि ब्रॉडी या दोघांनी 1969 साली एक साधी यादी केली होती. म्हातारं माणूस स्वतःच्या घरात कितपत राहू शकतं हे बघण्यासाठी ती अजून वापरतात. आठ गोष्टी: फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरची आवराआवर, धुणं, प्रवास, आपली औषधं आपण घेणं, पैशांचा व्यवहार. आता वाईच्या घरात मोजा. आई भाजी आणते, दूधवाल्याशी हुज्जत घालते, आमटी फोडणीला टाकते, पेन्शनचं पासबुक भरून आणते. आठांपैकी आठ नसेल, सात तरी. वाकडला? भाजी ॲपवरून आली, स्वयंपाक सुनेने केला, गोळ्या तुम्ही डबीत भरून दिल्या, पैशाला हात लावायचं कारण नाही, खाली उतरायचं तर लिफ्ट आणि वॉचमन. एक फोन उरला. सहा आठवड्यांत सातावरून एक! हात प्लॅस्टरमध्ये होता हे खरं, पण हिशेब लिहायला, निवडायला, बाजारात सोबत यायला डावा हात होता, डोकं होतं, पाय होते.

आणि शरीरही ऐकत नाही हो. 2007 साली अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणात ठेवून मोजलं, तर नुसत्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं होतं. दहा दिवसांत. सोफा म्हणजे अंथरूण नव्हे, पण सहा आठवडे म्हणजे दहा दिवसही नव्हेत. आईचं उतरलेलं तीन किलो वजन कुठून गेलं असेल याचा अंदाज करा.

मी हे शहाणपण मिरवत नाहीये. माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या असताना त्यांच्या हातून विळीवर बोट कापलं. जरासंच. मी विळी माळ्यावर टाकली, चाकूही लपवला. मग म्हटलं, गॅसपाशी नको. मग देवघरातली समई नको, पदर पेटेल. रुग्णालयात लोकांना सल्ले देणारी बाई मी, आणि घरी वर्षभरात त्यांच्या हातात जपमाळेखेरीज काही ठेवलं नव्हतं. एक दिवस भाजीवाली दारात आली, मी म्हटलं, तुम्ही घ्या हो भाजी. तर म्हणाल्या, 'मला आता भाव ठाऊक नाहीत.' पन्नास वर्षं मंडईत भाव पाडणारी बाई ती. विळी खाली काढली, पण तोवर बसून चिरायला गुडघे वाकत नव्हते.

चोवीस तासांच्या बाईंना आठ दिवसांत निरोप का मिळाला, ते यावरून लक्षात येईल. त्यांना तुम्ही आईवर लक्ष ठेवायला नेमलं होतं. साडी-चोळी देऊन पाठवलं म्हणजे बाई वाईट नव्हती, काम वाईट होतं. आता उलटं करा. आईला विचारा, घरातलं कुठलं काम आता नकोसं होतं? माझ्या अंदाजाने धुणं पिळणं, जड भांडी, माळ्यावरून काही काढणं, फरशी पुसणं यातलं काहीतरी निघेल. तेवढ्यासाठी सकाळ-संध्याकाळ तासभर येणारी बाई आईनेच शोधायची, पगार आईनेच ठरवायचा आणि आपल्या हाताने द्यायचा. तुम्ही आईच्या खात्यात गुपचूप पैसे टाका, हवं तर. इतकी वर्षं शिकवलेल्या मास्तरीणबाईला वाईत माणसं तुमच्यापेक्षा लवकर मिळतील. मग रोज दोनदा कुणीतरी घरात येऊन जातं, आणि ते आईने स्वतः निवडलेलं माणूस असतं. पहाऱ्याचं काम त्यात आपोआप होतं, पण त्याला पहारा म्हणायचं नाही.

तसंच नोव्हेंबर येतोय. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. तुम्ही आयटीतले असाल तर एव्हाना मोबाईलवर जीवन प्रमाण उतरवून ठेवलं असेल. ते राहू द्या. आईला बँकेत जाऊ दे. नीट साडी नेसून, रांगेत जुन्या बाई भेटतील, अमकी गेली तमकी आजारी आहे हे कळेल, परतताना चहा होईल. आपण जिवंत आहोत हे सरकारला सांगायला स्वतःच्या पायांनी जाण्यात बरंच काही आहे.

खाण्याचं एवढंच. एकट्या माणसाचा स्वयंपाक हळूहळू चहा-खारी आणि रात्री दूध-पोळीवर येतो. फोनवर 'जेवलीस का?' विचारू नका, 'हो' येणारच. 'आज आमटी कशाची?' असं विचारा. डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, यातलं काहीतरी दोन्ही वेळा ताटात हवं, नाहीतर गेलेलं मांस भरून येत नाही. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर, अर्थात. आणि रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न पिणाऱ्या बायका घरोघरी आहेत. त्यांना पाणी प्या म्हणून बजावण्याआधी मोरीची वाट उजळा.

बहीण. तिचं भय मला कळतं. बारा-तेरा हजार किलोमीटरवरून फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाहीये, याच्यासारखी रात्र नसते. पण ती कॅमेऱ्यातून आई बघू पाहत होती, आईला मात्र लेकीशी बोलायचं असेल. रोज ठरलेल्या वेळी, वाईच्या सकाळी आणि तिथल्या रात्री, एक फोन. न उचलल्यास अर्ध्या तासाने दुसरा, तोही न उचलल्यास शेजारी किल्लीवाल्यांना. हा नेम आईसमोर, आईच्या संमतीने ठरवा. फोनवर आई 'हो, हो' फार म्हणते का, हेही बहिणीलाच विचारा. तसं असेल तर कान तपासा. ऐकू न येणं हे गप्प होण्याचं, आणि पुढे विसराळूपणाचंही, एक मोठं कारण आहे आणि त्यावर उपाय आहे.

घर मात्र विकू नका. आत्ता तर नाहीच. आई वाकडला येऊन राहायला कधीतरी राजी झाली, तर ती परतीची वाट उघडी आहे म्हणून होईल.

हलगर्जीपणा आहे का, हे तुम्ही विचारलंत. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या वयस्कर माणसांची जी मोठी पाहणी 2017-18 साली केली, तीत साठीपुढची शंभरातली सहाएक माणसं एकटी राहत होती. म्हणजे थोडीच. म्हणून आपल्याकडे एकट्या म्हातारीकडे बघायची रीतच बसलेली नाही. ती दिसली की लोक मुलगा शोधतात. शेजाऱ्यांच्या बोलण्याचं एवढंच मूल्य. त्यांच्यापैकी एकाला किल्ली देऊन बघा, सूर बदलेल.

हलगर्जीपणा दुसरीकडे होऊ शकतो. 'तिचीच इच्छा आहे' म्हणून डोळे मिटून घेण्यात. तेव्हा आईबरोबर बसून एक कागद करा. कुठल्या गोष्टी घडल्या तर आपण या विषयावर पुन्हा बोलायचं, हे तिनेच लिहायचं. तिच्या अक्षरात. पुन्हा पडणं, गॅस चालू राहून जाणं, गोळ्या दोनदा घेतल्या जाणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, वजन आणखी उतरणं, आंघोळ टाळायला लागणं, असं काहीबाही तुम्ही सुचवा. ती दोन खोडेल, एक वाढवेल. दर तीन महिन्यांनी कागद काढून बघायचा. एक गोष्ट मात्र कागदावर ठेवायची नाही, ती लगेच करायची. कालपर्यंत नीट बोलणारी आई आज अचानक असंबद्ध बोलायला लागली, तर त्याला म्हातारचळ म्हणून घरी बसायचं नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, उतरलेलं सोडियम, पाणी कमी पडणं, साखर, नवं औषध, कारण बहुतेक वेळा सापडतं. त्याच दिवशी दवाखाना.

सरकारी कागदांचंही उरकून घ्या. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड 2024 पासून मिळतं, ते काढलं नसेल तर काढा आणि साताऱ्यात, पुण्यात कुठल्या रुग्णालयांत चालतं ते आत्ताच बघून ठेवा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन 14567, आईच्या फोनमध्ये भरून ठेवा. आणि पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट आहे. वाई-पुणे लाल डबा, हातात पिशवी, तिकिटाचे शून्य रुपये. आईने ठरवावं कधी यायचं आणि कधी परतायचं. आल्यावर तिला सोफा दाखवू नका, लसूण द्या सोलायला. नाहीतर नातवंडाची शुद्धलेखनाची वही द्या, सहा आठवडे ती समोर असून कुणाला सुचलं नाही का?

बघा, समजावण्याचं राहूनच गेलं. मला वाटतं ते राहू दे. येत्या शनिवारी वाईला जा. दांडे, स्टूल, मंद दिवा बरोबर न्या. आधी 'तू का पडलीस गं?' हे विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. मग खुर्चीवर चढून तुमच्या हाताने पंचा काढा, कॅमेरा उतरवा आणि तो आईच्या हातात देऊन विचारा, याचं काय करायचं?

माझा अंदाज सांगू? ती तो रस्त्याच्या बाजूला बसवायला लावेल. दूधवाला खरंच सहाला येतो की साडेसहाला, हे तिला कधीपासून बघायचं असणार.